क्रूझच्या आदल्या रात्रीची खोली: झाकलेली बोली कशी लावायची

फ्लोरिडातून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की आपल्या नाशिकमधली बरीच मंडळी विमान असं शोधतात, की सकाळी उतरायचं आणि दुपारी जहाजात बसायचं. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचतात ना! कृपा करून असं करू नका. मुंबईचं विमान गाठायला आधी कसारा घाट उतरायचा, मग दुबईला, दोह्याला नाहीतर युरोपात विमान बदलायचं, मग अमेरिकेत इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं. यातलं एक जरी लांबलं तरी जहाज हातचं जातं. जहाजाचं चेक-इन ते सुटायच्या तासभर तरी आधी बंद होतं आणि मागे राहिलेल्या माणसासाठी पुन्हा उघडत नाही. म्हणून आदल्या दिवशी पोचायचं आणि एक रात्र बंदराच्या गावात काढायची. त्या रात्रीची खोली स्वस्तात कशी मिळवायची, ते सविस्तर सांगतो. (मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझसाठी यातलं काही लागत नाही. सकाळची पंचवटी धरली की अकराच्या आत सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच.)

आमच्या घरची पिंपळगाव बसवंतला कांद्याची अडत होती. मी गंगापूर रोडला राहतो, हिशोबाचं काम करतो, पण बोलीचं बाळकडू तिथलं. त्यामुळे नात्यात कुणाची क्रूझ ठरली की हॉटेलचं काम माझ्याकडे येतं. सध्या ताई आणि दाजींचं चाललंय, म्हणून उदाहरणं त्यांचीच देतो.

प्राइसलाइन ही अमेरिकन कंपनी १९९८ मध्ये आली ती एका वेगळ्या पद्धतीमुळे. गाव, परिसर आणि किती स्टारचं हॉटेल हवं ते तुम्ही निवडायचं, भाव तुम्हीच लिहायचा आणि कार्डाचा नंबर देऊन ठेवायचा. एखाद्या हॉटेलाने भाव मान्य केला की पैसे लगेच कापले जायचे आणि हॉटेलचं नाव त्यानंतर कळायचं. नाकारला, तर परिसर, स्टार किंवा तारीख बदलल्याशिवाय चोवीस तास पुन्हा बोली लावता यायची नाही. ती खुली बोली आता बंद झाली. तिच्या जागी जे उरलं ते असं: भाव ते सांगतात, नाव झाकून ठेवतात, घ्यायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवता. प्राइसलाइनवर याला एक्सप्रेस डील म्हणतात, हॉटवायर या तशाच साइटवर हॉट रेट. तुम्हाला परिसर, स्टार, पाहुण्यांनी दिलेले गुण आणि सोयींची यादी दिसते. नाव पैसे भरल्यावर.

हॉटेलवाले असं का करतात हे कळलं, की आपण बोली कुठे लावायची तेही कळतं. आजच्या रात्रीची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. पण नाव लावून भाव पाडला तर नेहमीचं गिऱ्हाईकही तोच भाव मागायला लागतं. म्हणून नाव झाकायचं आणि उरलेल्या खोल्या काढून टाकायच्या. यावरून सरळ दोन गोष्टी निघतात. गावात हॉटेलं भरलेली असतील तर झाकलेल्या भावात काही दम नसतो. आणि तारीख जवळ आल्याशिवाय हॉटेलांना आपल्या किती खोल्या उरणार याचा अंदाज येत नाही.

आता कांद्याच्या लिलावाशी ताडून बघा. ट्रॉली पुढे येते, व्यापारी वरचा थर बाजूला करून आत हात घालतो, गोल्टी (बारीक कांदा) किती आहे, पत्ती (वरचं साल) कशी आहे ते बघतो आणि मगच आकडा बोलतो. खाली केल्यावर माल आत वेगळा निघाला तर वांधा काढता येतो, भावाचं पुन्हा बोलणं होतं. झाकलेल्या हॉटेलात हात आत घालता येत नाही आणि वांधाही काढता येत नाही. पैसे भरले की रद्द नाही, बदल नाही, परतावा नाही. म्हणून सगळी कसोटी पैसे भरायच्या आधीच लावून घ्यायची.

आधी सुटं हॉटेल धरून ठेवा

विमानाचं तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात एक साधं, नाव दिसणारं, फुकट रद्द करता येणारं हॉटेल घेऊन ठेवा. ही तुमची राखीव खोली. व्हिसाच्या अर्जाला दाखवायलाही हीच उपयोगी. व्हिसा पासपोर्टवर येईपर्यंत परतावा नसलेलं काहीही घ्यायचं नाही, भाव कितीही मोहाचा असो.

राखीव खोली रद्द करायची शेवटची वेळ हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे असते. फ्लोरिडा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. तिथली दुपारी ४ ची मुदत म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड, हिवाळ्यात अडीच. मी ती वेळ भारतीय वेळेत बदलून मोबाइलला अलार्म लावतो, तोही एक दिवस आधीचा. झाकलेली खोली मिळाली की आधी तिचा कन्फर्मेशन नंबर बघायचा, मग राखीव रद्द करायची. हा क्रम उलटा करू नका.

आपला वरचा आकडा

भाव बघायला बसण्याआधी आपला वरचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पडद्यावर लाल अक्षरात सूट दिसायला लागली की डोकं चालत नाही. हा आकडा खोलीच्या छापील भावावरून काढायचा नसतो, तर त्या रात्री एकूण किती पैसे जाणार त्यावरून काढायचा असतो.

ताईच्या बाबतीत असं धरा. राखीव हॉटेलचा भाव १६० डॉलर, सकाळचा नाश्ता त्यातच. त्यावर तेरा टक्क्यांच्या आसपास कर, म्हणजे १८१. झाकलेल्या हॉटेलात नाश्ता नसेल तर दोघांचे बाहेर ३० डॉलर सहज जातात. आता माझा नियम: परतावा नाही, पलंग कसे असतील ते माहीत नाही, हॉटेल कुठलं ते माहीत नाही, एवढी जोखीम घ्यायची तर एकूण खर्चात निदान पाव हिस्सा वाचला पाहिजे. १८१ चा पाव म्हणजे ४५. उरले १३६. त्यातून नाश्त्याचे ३० काढले की १०६. नाश्ता नसलेल्या झाकलेल्या खोलीसाठी सगळे कर आणि शुल्क धरून १०६ डॉलर, हा आमचा वरचा आकडा. १०५ ची डील दिसते, करांसह ११९ होते: सोडून द्यायची. ८२ ची दिसते, करांसह ९३ होते: हिचा विचार करायचा.

यादीत दिसणारा भाव आणि शेवटच्या पानावरचा भाव यांत फरक पडतोच, म्हणून तुलना कायम शेवटच्या पानावरची करा. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना रिसॉर्ट फी वगैरे सक्तीची शुल्कं सुरुवातीच्या भावातच धरून दाखवावी लागतात. पूर्वी ती काउंटरवर गेल्यावर कळायची, त्यामुळे हा मोठा दिलासा आहे. सरकारी कर मात्र अजून वेगळे लागू शकतात, आणि पार्किंग तर वेगळंच असतं. तुमचा मुलगा अमेरिकेत राहत असेल आणि गाडीने आणून सोडणार असेल तर रात्रीचं पार्किंगही हिशोबात घ्या. गावाच्या मध्यावरच्या हॉटेलात तेवढ्याने सगळी बचत पुसली जाते.

झाकलेलं नाव ओळखायचं कसं

मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. थोडा वेळ द्या, बऱ्याचदा नाव ओळखता येतं.

लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा. एकीकडे झाकलेली डील, दुसरीकडे त्याच साइटवरची नाव दिसणारी नेहमीची यादी. तारीख, परिसर आणि स्टार दोन्हीकडे तेच ठेवा. समजा डीलमध्ये लिहिलंय: तीन स्टार, गुण ८.१, पोहण्याचा तलाव, विमानतळाची फुकट गाडी, नाश्ता नाही, आणि ४५ टक्के कमी, भाव ८२. आता हिशोब. ४५ टक्के कमी होऊन ८२ झाले, म्हणजे मूळ भाव ८२ भागिले ०.५५, साधारण १४९. नेहमीच्या यादीत १४९ च्या आसपासची तीन स्टारची हॉटेलं काढा. त्यातून नाश्ता फुकट असणारी वगळा, तलाव नसलेली वगळा, मग गुण बघा. पुष्कळदा एक किंवा दोन नावं उरतात. गुण दशांशापर्यंत जुळले, सोयी एकूण एक जुळल्या, तर खात्री बरीच वाढते. पण ही खात्री शंभर टक्के कधीच नसते. म्हणून उरलेल्या दोन नावांपैकी जे हॉटेल नकोसं आहे तेच मिळालं तर चालेल का, हा प्रश्न घरच्यांना विचारा. चालणार नसेल तर ती डील सोडा.

पाहुण्यांचे शेरे वाचताना सगळ्यात नवे आधी वाचा. तक्रार कशाची आहे ते बघा. लॉबी जुनाट आहे, चहा बरा नाही, असल्या तक्रारींनी एका रात्रीत काही बिघडत नाही. ढेकूण, ओला वास, बंद एसी, रात्रीचा आवाज, या शब्दांपाशी थांबा. फ्लोरिडाच्या दमट हवेत बंद एसीच्या खोलीत लांबच्या प्रवासाने थकलेली माणसं झोपू शकत नाहीत.

प्राइसलाइनवर प्राइसब्रेकर नावाचा आणखी एक प्रकार आहे. तीन हॉटेलांची नावं उघड दाखवतात, भाव एकच, तिघांपैकी एक मिळणार. तिन्ही आपल्याला चालणारी असतील तर ओळखाओळखीचं काम वाचतं. ज्येष्ठांसाठी बुकिंग करताना मी आधी हेच बघतो.

परिसर नकाशावर बघा, नावावर जाऊ नका

फोर्ट लॉडरडेलचं बंदर म्हणजे पोर्ट एव्हरग्लेड्स. ते तिथल्या विमानतळाला अगदी लागून आहे, टॅक्सीने दहा मिनिटांच्या आत. मायामीचं बंदर मायामी विमानतळापासून बारा-तेरा किलोमीटरवर. आणि फोर्ट लॉडरडेल ते मायामी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्यामुळे आपलं जहाज नक्की कुठल्या बंदरातून सुटतं ते तिकिटावर दोनदा वाचा. जाहिरातीत नुसतं ‘फ्लोरिडा’ लिहिलेलं असतं. पोर्ट कॅनॅव्हरल तर ओरलँडोच्या विमानतळापासून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून जहाज असेल आणि ओरलँडोत झाकलेली खोली स्वस्त दिसली, तर सकाळच्या त्या टॅक्सीचे पैसे मिळवा आणि मग स्वस्त म्हणा.

ताई-दाजींचं विमान मायामीला उतरतं आणि जहाज पोर्ट एव्हरग्लेड्सहून. दाजींचं म्हणणं होतं, मायामी विमानतळाजवळच खोली घे, उतरल्या उतरल्या पाठ टेकता येईल.

मी म्हटलं, “दाजी, लांबचा टप्पा त्याच संध्याकाळी संपवा. टॅक्सीने नाहीतर ब्राइटलाइन रेल्वेने फोर्ट लॉडरडेलला जा. सकाळी बंदर हाकेच्या अंतरावर असलं की ताईला नाश्ता शांतपणे घेता येईल.”

“आणि चार स्टार घे रे, एवढ्या लांब जातोय तर.”

“संध्याकाळी सातला पोचणार, सकाळी दहा-अकराला निघणार. चांगला पलंग, गरम पाणी आणि एसी मिळाला की झालं. वरचे पैसे जहाजावर खर्च करा.”

ताईने माझी बाजू घेतली, म्हणून ते मिटलं. एका रात्रीच्या मुक्कामाला अडीच ते तीन स्टारच्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही. दोन स्टारच्या खालीही जाऊ नका. तिथे गुणांमध्ये फार तफावत असते.

परिसराची हद्द साइटच्या नकाशावर रंगवून दाखवलेली असते. ती मोठी करून बघा. विमानतळ-बंदर असं नाव असलेल्या तुकड्यात दानिया बीच किंवा हॉलिवूड (फ्लोरिडातलं गाव, सिनेमावालं नव्हे) या बाजूची हॉटेलंही असू शकतात. ती चालतात, बंदर तिथूनही जवळच आहे. पण हद्द समुद्रापासून आत पश्चिमेला बरीच पसरलेली दिसली तर सर्वांत लांबच्या टोकाचं हॉटेल मिळेल असं धरूनच हिशोब करा. अलास्काच्या क्रूझला सिअ‍ॅटलमध्ये दोन वेगवेगळे धक्के आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१, आणि विमानतळ गावाबाहेर. व्हँकुव्हरला मात्र जहाज कॅनडा प्लेसहून सुटतं आणि विमानतळावरून मेट्रो जवळच्या वॉटरफ्रंट स्टेशनपर्यंत येते, म्हणून मेट्रोच्या मार्गावरचं कुठलंही हॉटेल चालून जातं.

कधी बोलायचं

मी साधारण तीन आठवडे आधीपासून दिवसाआड बघायला लागतो आणि शेवटच्या दहा दिवसांत घेतो. राखीव खोली हातात असल्यामुळे थांबायला भीती वाटत नाही. भाव एका दिवसात खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी वर जातो, म्हणून आकड्याच्या आत आला की घेऊन टाकायचा. आणखी पडेल म्हणून थांबायचं नाही.

काही तारखांना हे सगळं विसरा. ऑक्टोबरच्या शेवटी फोर्ट लॉडरडेलला बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा खोल्या मिळणंच मुश्कील. मायामीत मे महिन्यातली फॉर्म्युला वन शर्यत आणि डिसेंबरच्या सुरुवातीचं आर्ट बाझल हे कलाप्रदर्शन, तेव्हाही तेच. अशा वेळी सुटं हॉटेल चार-पाच महिने आधी धरून ठेवायचं आणि तेच वापरायचं. शनिवार-रविवारी पुष्कळ जहाजं सुटतात, त्यामुळे त्यांच्या आदल्या रात्री बंदराजवळ गर्दी असतेच. आठवड्याच्या मधल्या वारी सुटणाऱ्या जहाजाला भाव बरा मिळतो.

पैसे भरताना

झाकलेल्या डीलमध्ये खोली दोन मोठ्या माणसांची धरलेली असते. एक मोठा पलंग की दोन वेगळे, याची हमी नसते. तिसरं माणूस, आई असो की नातू, खोलीत मावेलच असं नाही. तिघं-चौघं असाल तर ही पद्धत सोडा आणि नाव दिसणारं हॉटेल घ्या. दोन खोल्या हव्या असतील तर एकाच बुकिंगमध्ये दोन घ्या. वेगवेगळ्या घेतल्या तर आईवडील एका हॉटेलात आणि तुम्ही दुसऱ्यात, असं होऊ शकतं.

नाव पासपोर्टप्रमाणे लिहा आणि जो माणूस काउंटरवर उभा राहणार त्याचंच लिहा. तिथे ओळखपत्राबरोबर कार्डही मागतात आणि किरकोळ खर्चापोटी काही रक्कम अडकवून ठेवतात. म्हणून दाजींच्या नावाचं क्रेडिट कार्ड दाजींच्याच पाकिटात हवं. डेबिट कार्ड देऊ नका, खात्यातले पैसे सुटायला बरेच दिवस लागतात.

क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधी चालू करा आणि मर्यादाही वाढवा. पुष्कळ परदेशी साइट ओटीपी मागत नाहीत, पैसे थेट कापले जातात, त्यामुळे शेवटचं बटण दाबण्याआधी तारीख मोठ्याने वाचा. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. ०३/०५ म्हणजे ५ मार्च. रुपयांत भरायचा पर्याय समोर आला तर डॉलरच निवडा, त्यांचा रुपयाचा दर आपल्याला परवडत नाही. शिवाय आपली बँक परदेशी व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी लावते, तो वरच्या आकड्यात धरा. कार्डाच्या पत्त्यात भारत निवडता येतो का तेही आधी बघून ठेवा. नसेल तर तिकडच्या नातेवाइकाला बुकिंग करायला सांगा, पाहुण्याचं नाव तुमचं.

नाव कळलं की त्याच दिवशी हॉटेलला फोन करा. रात्रीचे आठ-नऊ वाजले की तिकडे सकाळ असते. बुकिंग त्यांच्याकडे पोचलंय का, दोन वेगळे पलंग मिळतील का, लिफ्टजवळची खोली देता येईल का आणि सकाळी बंदरापर्यंत गाडी आहे का, हे विचारा. विमानतळाची गाडी बहुधा फुकट असते, बंदराची बहुतेक ठिकाणी पैसे घेऊन, आणि तिची यादी आदल्या रात्रीच भरते. पोचल्या पोचल्या काउंटरवर नाव लिहून घ्यायचं.

खरी, आकडा आपणच लिहायची बोली आता जहाजाच्या केबिनसाठी लागते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत तिला रॉयलअप म्हणतात, नॉर्वेजियन या दुसऱ्या कंपनीत अपग्रेड अ‍ॅडव्हान्टेज. आतली केबिन घेतली असेल तर खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या केबिनसाठी किती जास्त द्याल ते लिहायचं. बोलीच्या पानावरच्या मीटरवर बोली कच्ची की पक्की ते दिसतं. आकडा माणशी असतो, म्हणजे दोघांना दुप्पट कापला जातो. मान्य होईपर्यंत बदलता किंवा मागे घेता येतो, मान्य झाला की नाही. मी साधारण तळाच्या आकड्याच्या थोडं वर बोलतो आणि विसरून जातो. पण यात फक्त केबिनचा प्रकार ठरतो, जागा नाही. आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची मधल्या मजल्यावरची केबिन निवडून घेतली असेल, तर ही बोली लावू नका. नवी केबिन जहाजाच्या पार टोकालाही मिळू शकते.